पाहुणे म्हणून चर्चमध्ये संदेश (प्रवचन) द्यायला जाताय?
इंदूरला आमच्या मराठी उपासनेत बाहेरून येणाऱ्यांसाठी छोटीशी टीप. आदल्या दिवशी पाळकसाहेबांना (चर्चच्या पास्टरना) फोन करून वेळ किती आहे ते विचारा, कारण 25 मिनिटं सांगितलेली असताना पाऊण तास बोललं की प्रभुभोजनाची (भाकर-द्राक्षरसाच्या विधीची) तयारी तशीच पांढऱ्या कापडाखाली झाकून राहते आणि पाळक बिचारे घड्याळ बघत हसत बसतात (बघितलंय मी). पुलपिटवरून (व्यासपीठावरून) 'तुम्हाला हे कोणी शिकवलंच नसेल' असलं तर अजिबात नको, काही पटलं नाही तर नंतर पोहे-जिलबी खाताना बाजूला घेऊन बोला. बायबलमधलं 1 करिंथ 3:6 आठवा, लावणारा पौल, पाणी घालणारा अपुल्लोस (दोघेही सुरुवातीच्या काळातले प्रचारक), म्हणजे तुमच्याआधी इथे कुणीतरी काम केलेलंच असतं. आणि कुणी घरच्या भांडणावर सल्ला मागितला तर पाळकांकडेच पाठवा, तुम्ही रात्रीच्या गाडीने जाणार, निस्तरायचं त्यांना.