ऑपरेटर घेताना पोरांना ताटकळत ठेवू नका

भोसरीत आमचं छोटं मशीनशॉप आहे, एचआर वगैरे कोण नाही, माणसं मीच घेतो आणि बरीच वर्षं चुकीच्या पद्धतीने घेत होतो. एकदा मंचरहून एक पोरगा सकाळच्या एसटीने आला, नेमकं त्याच दिवशी गिऱ्हाईकाकडून रिजेक्शन परत आलेलं, मी त्यात अडकलो आणि तो दुपारी दोनपर्यंत गेटवरच बसून, मग मी वर म्हणतो कसा, उद्या ये. तो कशाला येतोय! त्याच्या आयटीआयच्या ग्रुपवर आमच्या शॉपचं नाव गेलं आणि पुढे दोन महिने त्या बाजूचं कोणी फिरकलं नाही.

तर आता काय करतो ते सांगतो.

पगार फोनवरच सांगायचा, "या तर खरं, बसून बोलू" नाही. आणि हातात किती पडणार ते सांगायचं. समजा ग्रॉस 18,000 आहे, त्यात बेसिक 15,000, तर पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,800 गेले, ईएसआयसी (कामगार विमा) 0.75 टक्के म्हणजे 135, प्रोफेशनल टॅक्स 200, हातात 15,865. पोराला 18 ऐकवून पहिल्या पगाराला 15,865 दिले की तो गेलाच समजा, आणि चूक त्याची नाही. बाई असेल तर 25,000 पर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, तेवढं लक्षात ठेवा.

शिफ्ट, ओव्हरटाइमचा रेट, नाईट आहे का, हेपण तेव्हाच.

इंटरव्ह्यू शक्यतो गुरुवारी ठेवा. आपल्याकडे बऱ्याच शॉपना तेव्हाच सुट्टी, म्हणजे दुसरीकडे कामाला असलेल्या माणसाला खाडा करावा लागत नाही. तुमची सुट्टी जाते, जाऊ दे, दोन तासांचा तर प्रश्न. सगळ्यांना दहाला बोलावून रांग लावू नका, पाऊण पाऊण तासाने बोलवा. आणि आल्यावर पाणी, चहा, आणि "तुम्ही". आमच्याकडे मालक म्हटलं की अरे-तुरे सुरू होतं, ते कामाला लागल्यावर त्याला चाललं तर बघू.

ट्रायल घ्याच, पण ड्रॉइंग देऊन, व्हर्निअर मायक्रोमीटर देऊन चार मापं घ्यायला लावा, फार तर मशीनचं एखादं सेटिंग, तासाभरात माणूस कळतो. ट्रायलच्या नावाखाली अख्खी शिफ्ट प्रोडक्शन काढून घेणारे आहेत, लाज वाटली पाहिजे, शिफ्ट केली तर शिफ्टचे पैसे द्या.

आडनावावरून "तुम्ही कुठले" करत जात शोधू नका. मुलगी आली तर लग्न कधी, मूल कधी, हे तुमचं काम नाही (भरतीत बाई म्हणून डावलायचं नाही हे 1976 च्या समान वेतनाच्या कायद्यातच लिहिलेलं होतं, आता त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या वेतन संहितेतही आहे). आणि सध्याच्या कंपनीत चौकशीचा फोन अजिबात नको, तिथली नोकरी जाईल बिचाऱ्याची.

"कळवतो" म्हणालात तर कळवा. दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर एवढंच, "नमस्कार, यावेळी आम्ही दुसऱ्यांना घेतलंय, तुमचं मापांचं काम चांगलं होतं, फॅनुकच्या सीएनसी कंट्रोलवर सेटिंगची सवय कमी वाटली. पुढे जागा निघाली तर फोन करू का?" एका मिनिटाचं काम आहे.

घेतलं तर पगार, हुद्दा, जॉइनिंगची तारीख लेटरहेडवर लिहून द्या. मार्कशीट ओरिजिनल बघायची आणि तिथल्या तिथे परत, झेरॉक्स ठेवा. पळून जाईल म्हणून ओरिजिनल कपाटात टाकणारे आमच्या लायनीतच दोन जण आहेत, पोरं तरी पळतातच त्यांच्याकडनं.