पोटातल्या बाळाशी नातं जोडताना या चुका टाळा

"आनंदी राहा हं, बाळावर परिणाम होतो!" पाचवा महिना लागला की शेजारच्या काकूंपासून आत्तेसासूबाईंपर्यंत सगळ्यांचा हा एकच सल्ला. मनापासून दिलेला असतो, पण ऐकणारीला मात्र रडू आलं की लगेच अपराधी वाटायला लागतं. पहिली चूक इथेच होते. गरोदरपणात रडू फुटतं, चिडचिड होते, एखाद्या रात्री 'कशाला हे सगळं' असंही मनात येतं. अशा एखाद-दोन दिवसांनी बाळाचं काही बिघडत नाही. आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या उदासीचं मात्र वेगळं, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

दुसरी चूक म्हणजे गर्भसंस्काराचं वेळापत्रक. पहाटे श्लोक, मग ध्यान, दुपारी कोडी, संध्याकाळी पोटाला हेडफोन. एक दिवस चुकला की हुरहुर. श्लोकांनी शांत वाटत असेल तर जरूर म्हणा, पण हुशार मूल जन्माला घालण्याची हमी देणाऱ्या महागड्या वर्गांवर माझा तरी विश्वास नाही. साधारण अठराव्या आठवड्यानंतर बाळाला हळूहळू ऐकू येऊ लागतं आणि पंचवीस-सव्वीस आठवड्यांच्या सुमारास आवाजाला ते प्रतिसादही देऊ लागतं. अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी १९८० साली जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांवर एक प्रयोग केला. बाळ कोणत्या लयीत चोखतं त्यावर आईचा आवाज ऐकू येणार की परक्या बाईचा, हे ठरायचं. बाळं आईचा आवाज मिळेल अशाच लयीत चोखू लागली. तुमचा आवाज तर शरीरातूनच बाळापर्यंत पोचतो, त्याला हेडफोन लागत नाही. कोथिंबीर निवडताना बहिणीशी फोनवर मारलेल्या गप्पाही त्याच्या कानावर पडतातच.

'मला अजून काहीच ओढ वाटत नाही, मी कसली आई?' हा प्रश्न बायका दबक्या आवाजात विचारतात. पहिलटकरणीला बाळाची हालचाल बहुधा अठरा ते वीस आठवड्यांत कळते, त्याआधी पोटात कुणी आहे हे मनाला पटणंच अवघड. काहींना ओढ सोनोग्राफीच्या पडद्यावर लागते, तर काहींना बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी. आधी एखादा गर्भ गेलेला असेल तर मन मुद्दामच हात आखडता घेतं. जबरदस्तीने बाळाशी बोलू नका. हालचाल जाणवली की जरा हात ठेवून बसा, तेवढं पुरे.

नवऱ्याला फक्त गाडी चालवायला आणि बिल भरायला ठेवू नका. संध्याकाळी पोटावर हात ठेवून दिवसभरातलं काही सांगायला त्याला कोणती परीक्षा द्यावी लागत नाही.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. "डोहाळे आहेत, होईल ठीक" म्हणत खऱ्या आजाराकडे काणाडोळा करणं. दवाखान्यात वजन, बीपी होतं. डॉक्टर विचारतात, "झोप लागते का?" आणि शेजारून सासूबाई सांगतात, "हो हो, छान झोपते." अशा वेळी दोन मिनिटं डॉक्टरांशी एकटीने बोलायचं आहे, असं सरळ सांगा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहणं, कशातच रस न वाटणं, अंग दमलेलं असूनही झोप न लागणं, सतत धास्ती, ही लक्षणं अंगावर काढू नका. मानसिक आजाराची गोळी आधीपासून चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट चालते, मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर घरातल्या कुणाला तरी सांगून त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि हो, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर "दिवस भरत आले की कमी होतेच" यावर विसंबू नका. तसं होत नसतं. सकाळची वाट न बघता लगेच दवाखान्यात जा.