मिरगाआधी रानातल्या खुणा मोबाईलच्या नकाशावर घ्या

वळीव झाला की खानापूर भागात धूळवाफ पेरणीची आणि निपाणी-चिकोडीकडे उसाच्या भरणीची गडबड सुरू होते. त्या गडबडीतून अर्धा दिवस काढा. रान अजून मोकळं आहे, तोवर पाइपलाइनीचे व्हॉल्व्ह आणि जोड, बोअर, नदीकाठची मोटर यांच्या खुणा मोबाईलच्या नकाशावर घेऊन ठेवा. ऊस डोक्यावर गेल्यावर फुटलेला जोड शोधायला माणसं सऱ्या तुडवत फिरतात. वेदगंगा-दूधगंगेचं पाणी मळीत शिरून ओसरलं, की गाळाखालचा व्हॉल्व्ह खुद्द मालकालाही सापडत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर काठच्या गावांनी हे भोगलंय.

खूण जागेवर जाऊनच घ्या. घरी बसून उपग्रहाच्या चित्रावर बोट ठेवू नका, ते चित्र जुनं असतं आणि कधी थोडं सरकलेलंही असतं. व्हॉल्व्हशेजारी उभं राहून लोकेशन चालू करा, गुगल मॅप उघडा. निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ आवळत जाईपर्यंत मिनिटभर थांबा. आंब्याच्या दाट सावलीत किंवा भिंतीला लागून ते लवकर आवळत नाही. मग नकाशा चांगला मोठा करून ठिपक्यावरच बोट दाबून धरा. लाल खूण पडते आणि अक्षांश-रेखांश दिसतात. सेव्ह करताना नाव नीट द्या, ‘विहिरीकडून दुसरा व्हॉल्व्ह, नारळाच्या पूर्वेला’ असं. नुसतं ‘व्हॉल्व्ह’ लिहिलं तर पुढच्या वर्षी तुमचीच पंचाईत होईल.

हे आकडे वहीतही उतरवा, फोन पाण्यात गेला तरी वही घरात राहते. मात्र उतरवताना जपा. बेळगाव शहर साधारण १५.८५, ७४.५० वर आहे, अक्षांश आधी आणि रेखांश नंतर. उलटे टाकले तर खूण थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडते. दशांश चिन्हानंतर पाच अंक लिहा. पाचवा अंक साधारण एका मीटरचा असतो, तीनवरच थांबलात तर शंभरेक मीटरचा घोळ होतो. अंश-मिनिटांत आकडा मिळाला तर मिनिटांना ६० ने भागा. १५ अंश ५१ मिनिटं म्हणजे १५.८५. ते १५.५१ असं टाकलंत तर बेळगावची खूण सुमारे ३८ किलोमीटर दक्षिणेला, लोंढ्याजवळ जाऊन पडेल.

बांधाच्या दगडांच्याही खुणा घ्या, पण त्यावरून भावकीत वाद उकरू नका. मोकळ्या आभाळाखालीही साधा फोन तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, म्हणजे साडेचार फुटी सरीच्या दोन-तीन सऱ्या सहज गेल्या. कर्नाटक सरकारच्या दिशांक अ‍ॅपवर आपण कुठल्या सर्व्हे नंबरात उभे आहोत ते कळतं, तेवढ्यापुरतंच ते वापरा. हद्द ठरवायला सरकारी मोजणीच लागते.

जांबोटी-कणकुंबीकडे रेंज जाते. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागतं. म्हणून आपल्या भागाचा नकाशा घरूनच डाउनलोड करून न्या.

नदीवरच्या मोटरीच्या दोन खुणा हव्यात, एक उन्हाळ्यातल्या जागेची आणि एक पुराआधी ती वर नेऊन ठेवता तिथली. डीपीचीही, म्हणजे रानातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरचीही, खूण घ्या. तार तुटली तर जवळ जाऊ नका, लाइन बंद करायला सांगा आणि ती खूण लाइनमनला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. रात्री पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाच्या फोनमध्येही ही सगळी यादी असू द्या.