डेटा सेंटरवर संशोधन करायचंय? मग पीडीएफ वाचायची सवय लावा

डिजिटल पद्धतींनी संशोधन करायचं म्हटलं की नवे विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतात, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा यायलाच हवी का? थोडी आलेली बरी. पण माझा विषय आहे संगणनाचा वीज, पाणी आणि माणसांवर पडणारा भार. त्यात मला कोडपेक्षा जास्त उपयोग झाला तो सरकारी पीडीएफ चिकाटीने वाचण्याचा.

कंपनीने उघडून दिलेल्या दारावर सगळा प्रबंध टांगू नका, हे आधीच सांगतो. ट्विटरने संशोधकांना दिलेला मोफत डेटा 2023 मध्ये बंद झाला, फेसबुकवरच्या पोस्ट तपासायचं क्राउडटँगल ऑगस्ट 2024 मध्ये गेलं. ज्यांचे प्रबंध त्यावर उभे होते त्यांना विषय तरी बदलावा लागला, नाहीतर पद्धत.

आता नवी मुंबईकडे या. ऐरोली, रबाळे, महापे हा ठाणे-बेलापूर पट्टा एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जायचा. आज तिथे खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात. ही डेटा सेंटरं, म्हणजे हजारो सर्व्हर (सतत चालू असणारे संगणक) ठेवायच्या जागा. कंपनीच्या माहितीपत्रकात मेगावॅट असतात आणि ‘पीयूई’ नावाचा आकडा असतो. पीयूई 1.4 म्हणजे सर्व्हरला एक युनिट वीज लागली, तर थंडावा वगैरेंसाठी आणखी 0.4 युनिट. आकडा कमी दिसला की लगेच खूश होऊ नका. पाणी बाष्पीभवनाने उडवून थंडावा मिळवला तर पीयूई उतरतो आणि पाण्याचा खर्च वाढतो. शिवाय वीज कोळशाची की सौर, याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

हे कुठे कळतं? 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. अर्ज ‘परिवेश’ या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर असतात. त्यात रोजची पाण्याची गरज, विजेची मागणी, डिझेल जनरेटर किती आणि केवढे, सगळं लिहावं लागतं. राज्यस्तरीय मूल्यांकन समितीच्या बैठकांची इतिवृत्तंही वाचा, समितीने काय खोदून विचारलं ते तिथे दिसतं. एक अडचण येते. अर्जदाराचं नाव बरेचदा ओळखीच्या कंपनीचं नसतं, जमीनमालकाचं किंवा उपकंपनीचं असतं. म्हणून नावाने न शोधता भूखंड क्रमांकाने शोधा. फाइल मिळाली की त्याच दिवशी उतरवून तारीख लिहून ठेवा, दुवे कधी तुटतील सांगता येत नाही.

माहिती अधिकार खासगी कंपनीला थेट लागू होत नाही, पण तिला पाणी देणाऱ्या एमआयडीसीला होतो. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो. शोधनिबंध लिहिणाऱ्याला ही चांगलीच शिक्षा आहे, आणि प्रश्न नेमका करायला शिकवणारी शाळाही.

मोठ्या सरासऱ्यांनी घाबरूनही जाऊ नका, निर्धास्तही होऊ नका. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2024 मध्ये डेटा सेंटरांनी सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या वापराच्या दीड टक्क्याच्या आसपास. किरकोळ वाटतं ना? आयर्लंडमध्ये 2023 साली हाच वाटा 21 टक्के होता. भार जगभर सारखा पसरत नाही, ठरावीक ठिकाणी साचतो. म्हणून एका ईमेलमागे इतके ग्रॅम कार्बन असल्या गणितात मला फारसा रस नाही. हिशोबाची सीमा कुठे आखली यावर ते उत्तर हवं तसं बदलतं.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. जुन्या बातम्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची समान पद्धत येण्याआधीच्या) असतील तर शोधात येतच नाहीत. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकलेलं सापडतं. डोळ्यांना सारखंच दिसतं, संगणकाला नाही. आधी सगळं एकसारखं करून घ्या, मगच मोजायला बसा. आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला युटीएफ-8 या मजकूर साठवायच्या पद्धतीत तीन बाइट लागतात, साध्या इंग्रजी अक्षराला एक. बहुतेक भाषा-मॉडेलं (चॅटजीपीटीसारख्या सेवांमागची) मराठी वाक्याचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करतात, आणि पैसे तुकड्यांवर आकारले जातात. त्याच आशयासाठी जास्त गणन, जास्त बिल. हजारो बातम्या मॉडेलला वाचायला देण्याआधी शंभर स्वतः वाचा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

लॅपटॉप? जुना चालत असेल तर रॅम वाढवून वापरा. लॅपटॉपच्या एकूण कार्बनभारातला मोठा वाटा तो बनतानाच पडून गेलेला असतो. आणि 2022 मध्ये जगात झालेल्या 6.2 कोटी टन ई-कचऱ्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद पाव हिश्श्याचीही नाही.

गाईड विचारतील, हे समाजशास्त्र की संगणकशास्त्र? वाद घालू नका, एकच इमारत निवडून आराखडा पुढे ठेवा. मंजुरीतल्या अटी एका रकान्यात लिहा. मंजुरी मिळालेल्याला दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, अनुपालन अहवाल, म्हणजे अटी किती पाळल्या याचा अहवाल, द्यावा लागतो. त्यातले आकडे दुसऱ्या रकान्यात भरा. एखाद्या सहामाहीचा अहवाल सापडला नाही तर तो रकाना कोरा ठेवा आणि तेच माहिती अधिकारात विचारा.