द्राक्ष काढणीआधी: खिशातल्या गोडी-मीटरवर किती विसंबायचं?

जानेवारी सरत आला की नान्नज, बार्शी, कासेगाव, जिथं जावं तिथं एकच प्रश्न: गोडी भरली का? मणी न फोडता ब्रिक्स (म्हणजे रसातल्या गोडीचे अंश) सांगणारं, मुठीत मावणारं स्पेक्ट्रोमीटर आता बाजारात मिळतं. घ्या, पण ते काय करतं हे आधी समजून घ्या.

हे यंत्र मण्यावर प्रकाश टाकतं, साधारण 700 ते 1100 नॅनोमीटरचा. त्यातला बहुतेक डोळ्याला दिसतच नाही. साखर आणि पाणी तो आपापल्या परीनं शोषतात. उरलेला परत येतो, त्यावरून आकडा निघतो. म्हणजे साखर मोजली जात नाही, अंदाज बांधला जातो. तो अंदाज थॉमसन जातीच्या मण्यांवर बसवलेला असेल, तर सोनाका जातीच्या लांबट मण्याला चुकू शकतो. आणि सोनाका तर आपल्या नान्नजचाच!

म्हणून पहिल्या दिवशी 30 मणी निवडा. घडाच्या खांद्यावरचे, मधले, शेंड्याचे, सगळे हवेत. शेंड्याचा मणी बहुधा कमी गोड असतो. प्रत्येकावर मीटर लावून आकडा लिहा, मग तोच मणी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसाच्या थेंबावरून ब्रिक्स दाखवणाऱ्या यंत्रावर, पिळा. (रिफ्रॅक्टोमीटर आधी शुद्ध पाण्यावर शून्याला आणा, हे निम्मे लोक विसरतात.) मीटर दरवेळी दीड-दोन अंश जास्त दाखवत असेल तर तेवढे वजा करून चालवा. फरक कधी वर, कधी खाली जात असेल, तर त्या प्लॉटसाठी ते यंत्र बाजूला ठेवा.

वेळ सकाळची, पण दव वाळल्यावर. ओल्या मण्यावर आकडा फसतो, दुपारी तापलेल्या मण्यावरही. वरून ऊन येऊ देऊ नका, हाताची सावली धरा. फवारणीचे डाग असलेला मणी सोडा. सोबतच्या पांढऱ्या चकतीवर यंत्र मधूनमधून लावून घ्या.

‘याच्यावर रेसिड्यूही (फळात उरलेला औषधाचा अंश) कळतो’ असं कोणी विक्रेता म्हणाला तर हात जोडा. युरोपची मर्यादा अनेक औषधांना किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटींत एक भाग. ते काम प्रयोगशाळेचंच.

डाळिंबवाल्यांनी घाई करू नये. जाड सालीतून प्रकाश दाण्यापर्यंत नीट पोचत नाही.

बेदाण्याचा माल मात्र 22 ब्रिक्सच्या आत काढू नका, आणि तो शेवटचा आकडा रिफ्रॅक्टोमीटरचाच धरा.