परसातलं लाकडी खेळघर: आपल्या पावसात टिकेल असं कसं बांधावं

इंटरनेटवर मुलांच्या लाकडी खेळघराचे नकाशे ढिगानं मिळतात. त्यातले बरेचसे पाइनच्या लाकडाचे आणि थंड हवेच्या देशांतले असतात. तसंच घर चिपळूणला किंवा पुण्यात उभं केलं, तर वाळवी आणि पाऊस मिळून त्याचा लवकरच निकाल लावतात. म्हणून इथे माप आणि मांडणी आपल्याकडच्या हवेचा विचार करून दिली आहे. घर ६ × ४ फुटांचं, एका पाख्याच्या छपराचं, साधारण ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी. करवत, ड्रिल आणि गुण्या हाताळता येणाऱ्या दोघांना सुट्टीच्या दिवसांत जमेल असं काम आहे. दिवाळीनंतर हात घाला; तेव्हा हवा कोरडी असते आणि लाकूडही.

जागा

झाडाची सावली हवी, पण नारळाखाली आणि फणसाखाली नको, कारण उघडच आहे. शेवग्याखालीही नको, त्याच्या फांद्या ठिसूळ असतात आणि वाऱ्यात मोडतात. सेप्टिक टाकीचं झाकण आणि डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारा टाळा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशी जागा सगळ्यांत उत्तम.

आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येते. घराची पाठ त्या बाजूला आणि दार पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. छपराचा उतारही पाठीकडेच.

लाकूड

नवा साग परवडत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर जुन्या वाड्यांचं, घरांचं पाडकाम झालेलं सागवान बघा. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा गावोगावच्या जुन्या लाकडांच्या वखारीत चौकशी करा. हे लाकूड पुरतं वाळलेलं असतं, पुन्हा पिळवटत नाही. कापण्याआधी त्यातले खिळे मात्र एकूण एक उपटा. त्यावर जुना रंग असेल तर ते लाकूड घेऊच नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. माळ्यावर पडलेले रंगाचे जुने डबेही याच कारणासाठी इथे वापरू नयेत.

पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन स्वस्त पडतं. ते घ्यायचंच असेल तर पेटीवरचा शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको. वाळवीच्या दृष्टीनं पाइन कच्चंच. जमिनीलगत तरी वापरू नका.

वखारीत हिशोब घनफुटात होतो: रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. या घराला तूट धरून १३ ते १४ घनफूट लाकूड लागतं. घराच्या जमिनीच्या (तळाच्या) चौकटीला ४ × २ इंच, भिंतींच्या सांगाड्याला २ × २, वाशांना ३ × २, जमिनीला एक इंची फळी आणि भिंतींना अर्धा इंची.

स्क्रूच्या बाबतीत एक सांगतो: जिप्समच्या छतासाठी येणारे काळे ड्रायवॉल स्क्रू सर्रास लाकडाला मारले जातात. ते बाहेर गंजतात आणि ताण आला की कटकन तुटतात. जस्ताचा मुलामा असलेले घ्या. समुद्राजवळ राहत असाल तर स्टेनलेस स्टीलचे.

पाया

लाकूड मातीत पुरायचं नाही, डांबर लावूनही नाही. लांबीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन अशा सहा जागा आखा. चौकट काटकोनात आहे का, हे कर्ण मोजून कळतं: ६ × ४ च्या आयताचे दोन्ही कर्ण ७ फूट अडीच इंच भरले पाहिजेत. प्रत्येक जागी दीड फूट खड्डा घ्या, तळाला खडी ठोका आणि ९ × ९ इंचांचे काँक्रीटचे खांब जमिनीवर ९ ते १२ इंच येतील असे ओता (सिमेंट, वाळू, खडी यांचं प्रमाण १:२:४). माथे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं एका पातळीत आणा. काँक्रीट ओलं असतानाच प्रत्येकात एक भोकं पाडलेली लोखंडी पट्टी उभी रोवा. चौकट तिलाच बोल्टनं आवळायची आहे. एवढंसं घर वादळी वाऱ्यात कलंडू शकतं. आठवडाभर पाणी मारा.

खांब उघडे राहतात याचा फायदा पुढे होतो. वाळवी वर चढताना मातीच्या नळ्या करते. त्या काँक्रीटवर लगेच दिसतात आणि झाडूनं पाडता येतात. मात्र घराच्या तळाखालची पोकळी सापाला आवडणारी. तिला चारी बाजूंनी काढता-घालता येईल अशी जाळी लावा.

जमीन आणि भिंती

सहा फुटी दोन लाकडं आणि त्यांमध्ये दर दीड फुटावर आडवी लाकडं, अशी जमिनीची चौकट करा आणि खांबांतल्या लोखंडी पट्ट्यांना आवळा. चौकट आणि काँक्रीट यांच्यामध्ये जाड प्लास्टिकचा तुकडा ठेवा, म्हणजे ओल वर चढत नाही. वर फळ्या बसवताना पाव इंचाची फट सोडा. पाणी निथळतं, आणि एवढ्या फटीत बोट जात नाही. खेळाच्या साधनांच्या युरोपीय मानकांत ८ ते २५ मिलिमीटरच्या फटी बोटं अडकण्याच्या म्हणून टाळतात. त्याहून गंभीर गोष्ट डोक्याची. साडेतीन ते नऊ इंचांमधली मोकळी जागा असेल, तर मुलाचं अंग त्यातून जातं आणि डोकं अडकतं. खिडकीच्या गजांमध्ये, कठड्यात, छपराखाली, कुठेही या मापाची जागा राहू देऊ नका.

चारही भिंतींचे सांगाडे आडवे ठेवून जोडा आणि मग उभे करा. पुढची भिंत साडेपाच फूट, मागची चार. दाराची जागा ४ फूट उंच, २ फूट रुंद. खिडकी घरातल्या जमिनीपासून दोन फुटांवर, काच न लावता. सागाला स्क्रू मारण्याआधी बारीक भोक पाडा, नाहीतर कडा चिरते.

फळ्या खालून वर लावत जा, वरची खालचीवर एक इंच चढवून. पहिली फळी जमिनीच्या चौकटीच्या खाली इंचभर उतरू द्या, म्हणजे पाणी तिथून टपकून जातं. वरच्या फळीचा स्क्रू खालच्या फळीतून जाता कामा नये. तो तिच्या माथ्याच्या किंचित वर मारा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. दोन्हीकडून जखडलेली फळी मधोमध फाटते.

दाराला झडप नको, असं माझं ठाम मत आहे. बिजागरीत बोटं चिरडतात, आणि कडी आली की धाकट्याला आत कोंडणारा थोरलाही येतोच. जुन्या साडीचा पडदा पुरतो.

छप्पर

सहा फूट लांबीचे पाच वासे, पुढे एक फूट आणि मागे पाऊण फूट वळचण ठेवून. त्यांवर साडेसात फुटी आडव्या रिपा. मंगलोरी कौलं सुरेख दिसतात, पण एकेक कौल दोन-अडीच किलोचं, आणि चेंडू लागून फुटलं तर तुकडा खाली मुलांवर. मी रंगीत नालीदार पत्रा लावीन. स्क्रू नालीच्या उंचवट्यावर, रबरी वायसरसह. खोलगट भागात मारला तर तिथून गळणारच. पत्र्याच्या कडा कापतात, म्हणून चारी बाजूंना लाकडी पट्टी मारून त्या झाका. एप्रिल-मे महिन्यांत पत्रा तापतो. रिपांखाली बांबूची चटई ठोकली आणि वळचणीखाली हवेला दोन इंचांची फट ठेवली की बरंच निभावतं.

शेवटचा हात

८० नंबरच्या आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं सगळं घासा. मुलांचा हात लागेल ती प्रत्येक कड गोल करा. लाकडाला गाडीचं जळकं ऑइल फासायची पद्धत आहे, ती इथे साफ वर्ज्य. काजूच्या टरफलांचं तेल वाळवीला रोखतं, पण ते बिब्ब्यासारखं उततं. बाहेरच्या वापराचं पाण्यावर आधारित पॉलिश किंवा जवसाचं तेल लावा, दोन-तीन पातळ हात. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

दर मे महिन्यात स्क्रू आवळा, पश्चिमेच्या भिंतीवर तेलाचा एक हात द्या आणि वाशांच्या बेचक्यांत गांधीलमाशांचं पोळं नाही ना, ते बघा.