सुरुवात दोन साइटपासून करा

एमएस्सीनंतर तीव्र सहसंबंधित, म्हणजे एकमेकांवर जोरदार परिणाम करणाऱ्या, इलेक्ट्रॉनांच्या विषयात येणारे बरेच जण आल्याआल्या क्वांटम एस्प्रेसो हे पदार्थांची गणितं करणारं सॉफ्टवेअर उतरवून बँडचे (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांचे) आलेख काढायला बसतात. माझ्या मार्गदर्शकांनी मला आधी दोन साइटचं, म्हणजे इलेक्ट्रॉन बसू शकतील अशा दोन जागांचं, हबार्ड मॉडेल कागदावर सोडवायला लावलं. आज मीही नव्या मुलांना तेच सांगतो.

त्यात राशी दोनच. टी म्हणजे शेजारच्या साइटवर उडी, यू म्हणजे एकाच साइटवर दोन इलेक्ट्रॉन आले की मोजावी लागणारी ऊर्जा. एक वर-स्पिन, एक खाली-स्पिन घेतला की ४×४चं मॅट्रिक्स मिळतं आणि नीचतम ऊर्जा (यू − √(यू² + १६टी²))/२ येते. यू खूप वाढवा, ती जवळपास −४टी²/यू होते. इलेक्ट्रॉन जागेवर अडकले तरी शेजाऱ्यांचे स्पिन उलटे का राहू पाहतात, ते या एका ओळीत दिसतं. पुढे कुठलाही कोड लिहिलात तरी पहिली परीक्षा याच उत्तराशी घ्या.

साइट वाढल्या की अवस्था ४च्या घातात वाढतात. १६ साइटना त्या ४०० कोटींच्या वर जातात. सगळ्या पद्धती जन्मतात त्या या अडचणीतून, आणि प्रत्येक पद्धत काहीतरी सोडून देते. १९९२ साली स्टीव्हन व्हाइट यांनी मांडलेली डीएमआरजी (कमी महत्त्वाच्या अवस्था गाळत जाणारी पद्धत) एकमितीय साखळीत अप्रतिम चालते, रुंद जाळीवर दमते. क्वांटम मॉन्टे कार्लो (यादृच्छिक नमुन्यांवरून सरासरी काढणारी पद्धत) चौरस जाळीच्या साध्या मॉडेलमध्ये हाफ-फिलिंगला, म्हणजे दर साइटला सरासरी एक इलेक्ट्रॉन असताना, निर्धास्त वापरा. डोपिंग केलं, म्हणजे इलेक्ट्रॉन त्याहून कमी-जास्त केले, की चिन्हाची समस्या उभी राहते: धन आणि ऋण नमुने एकमेकांना खोडतात. डीएमएफटी (एक साइट घेऊन बाकीच्यांचा सरासरी परिणाम धरणारी पद्धत) एका साइटवरची काळानुसार होणारी हालचाल नीट पकडते, पण साइट-साइटमधला संबंध तिच्यातून निसटतो.

खऱ्या पदार्थाकडे वळलात तर निकेल ऑक्साइड घ्या. साध्या बँड थिअरीनुसार तो धातू असायला हवा. प्रत्यक्षात सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट गॅपचा (भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांमधल्या ऊर्जेच्या दरीचा) इन्सुलेटर आहे. ही विसंगती द बोअर आणि व्हरवे यांनी १९३७ सालीच दाखवली होती. त्यावर डीएफटी+यू (बँडच्या नेहमीच्या गणितात यू जोडणारी पद्धत) चालवताना एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: दुसऱ्याच्या शोधनिबंधातला यू उचलून आपल्या कोडमध्ये घालू नका. डी-ऑर्बिटलची (यू ज्यांवर लावतात त्या इलेक्ट्रॉन-कक्षांची) व्याख्या कोडनुसार बदलते, तसा यूचा अर्थही बदलतो. आणि गॅप प्रयोगाशी जुळेपर्यंत यू फिरवत राहिलात, तर तो गॅप तुम्ही काढलेला नसतो, घातलेला असतो.

प्रोग्रामिंगला पायथन पुरतं. लॅन्क्झोस (मोठ्या मॅट्रिक्सची नीचतम ऊर्जा काढण्याची रीत) मात्र एकदा स्वतः लिहा. मॉन्टे कार्लोचे आकडे काल्पनिक काळात, म्हणजे खऱ्या नव्हे तर गणितासाठी घेतलेल्या काळात, येतात. त्यांवरून वर्णपट काढताना छोटीशी त्रुटीही नवं शिखर उभं करू शकते. म्हणून आलेखात सुंदर शिखर दिसलं की आधी नमुने वाढवा, वेगळ्या सीडने (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीच्या अंकाने) पुन्हा चालवा, आणि ते टिकलं तरच मार्गदर्शकांना दाखवा.